विसावा मागावयास लावूं नका

हिंवाळा सुरू झाला कीं आमच्या कामोठ्याच्या चौकाचौकांत सहलींचे फलक झळकूं लागतात. अष्टविनायक दोन दिवसांत, पांच ज्योतिर्लिंगें चार दिवसांत, कोंकणदर्शन तीन दिवसांत, असे नाना प्रकार त्यांवर रंगीत अक्षरांत लिहिलेले असतात, आणि खालीं बहुधा एक ओळ असते कीं, आपल्या आईवडिलांना देवदर्शनाचें सुख द्या. ही ओळ वायां जात नाहीं. पहांटेच्या काळोखांत शीव-पनवेल महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्या पाहाव्यात. त्यांत चढणाऱ्या मंडळींत एखादी पांढऱ्या केसांची आई किंवा काठी टेकीत चाललेले वडील हटकून दिसतात, आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना त्या उंच पायरीवर चढविणारा मुलगाही दिसतो.

हें दृश्य मनोहर आहे, आणि त्या मुलाच्या मातृपितृभक्तीविषयीं शंका घेण्याचा मला मुळींच अधिकार नाहीं. कारण दोन वर्षांपूर्वीं त्याच पायरीपाशीं मी उभा होतों. परंतु पूर्ण विचार करून मी असें म्हणतों कीं, आज ज्या रीतीनें आपण आपल्या वृद्ध मातापितरांना सहलीस नेतों, ती रीत सेवेच्या नांवाखालीं चाललेली निर्दयता आहे. तिचा थोडा दोष गाडीवाल्यांकडे जातो. मोठा दोष आपणां मुलांकडे येतो. हें विधान कोणास कठोर वाटेल, तर त्यानें पुढील हकीकत वाचावी आणि मग निकाल द्यावा.

ही गोष्ट आमच्यासारख्या वसाहतींत विशेष विचार करण्याजोगी कां आहे, तें आधीं सांगतों. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढें खाडीकाठच्या भातखाचरांवर हळूहळू इमारती उभ्या राहिल्या. २०१६ पासून कामोठे पनवेल महानगरपालिकेंत आहे. येथील बहुतेक बिऱ्हाडें सातारा, सांगली, रत्नागिरी, खानदेश अशा ठिकाणांहून पोटासाठीं आलेलीं. मुलांनीं आधीं येऊन घर केलें आणि वडील वारल्यावर किंवा आई थकल्यावर तिला गांवाहून येथें आणलें. जिनें सारें आयुष्य अंगणांत आणि ओसरीवर काढलें, ती आतां तिसऱ्या मजल्यावर गॅलरींतून खालची रहदारी पाहात बसते. जिना उतरून जाण्यासारखें ठिकाण म्हणजे उद्यानांतील एक बांक. अशा माणसाच्या वर्षांत सहल एकदां येते, आणि ती पुन्हां येईल कीं नाहीं हें कोणासच ठाऊक नसतें. तेव्हां ती कशी होते हा प्रश्न क्षुल्लक नाहीं.

माझी आई त्या वेळीं ७८ वर्षांची होती. अष्टविनायक करावेत ही तिची फार दिवसांची इच्छा. मला शनिवार-रविवार मोकळे मिळाले, चाळीस माणसांच्या आरामगाडींत दोन जागा घेतल्या आणि पहांटे पांचाला आम्ही निघालों. पहिल्या दिवशीं महड, पाली, थेऊर, मोरगांव आणि सिद्धटेक. रात्रीं रांजणगांवास मुक्काम. दुसऱ्या दिवशीं रांजणगांव, ओझर आणि लेण्याद्री करून माळशेज घाटानें परत, असा कार्यक्रम होता. गाडी चांगली होती, चालक सावध होता, आणि व्यवस्था पाहणारे गृहस्थ अत्यंत नम्र होते. निघतांच त्यांनीं हात जोडून सांगितलें, "कोणालाही कांहीं अडचण असेल, मध्येंच थांबावेंसें वाटलें, तर निःसंकोच सांगा, गाडी लगेच थांबवूं." हें वाक्य ऐकून मला फार बरें वाटलें. त्या दोन दिवसांतला सगळा अनर्थ ह्याच वाक्यांत भरलेला होता, हें मला पुढें कळलें.

प्रत्येक ठिकाणीं वीसपंचवीस मिनिटें मिळत. पालीस चिमाजी आप्पांनीं वसईच्या मोहिमेंतून आणलेली म्हणून दाखवितात ती घंटा आईस पाहावयाची होती. ती तिनें चालतां चालतां पाहिली. थेऊरला माधवराव पेशव्यांचा अंत १७७२ साली झाला आणि रमाबाई तेथेंच सती गेल्या. रणजित देसायांची 'स्वामी' ही कादंबरी आईनें तरुणपणीं वाचलेली. त्यामुळें त्या आवारांत घटकाभर बसावें असें तिच्या मनांत होतें. ती ओट्यावर टेकते न टेकते तोंच गाडीचा भोंगा वाजला. मोरगांवीं रांग मोठी होती, म्हणून मुखदर्शन घेऊन परतलों. सिद्धटेकला पोहोंचलों तेव्हां रात्र झाली होती. जवळून भीमा वाहते, हें आईस मीं तोंडानें सांगितलें. लेण्याद्रीस तीनशेंच्या आसपास पायऱ्या आहेत. तेथें डोलीची सोय असते, पण डोलीनें चढून उतरण्याइतका वेळ आम्हांस नव्हता. आई म्हणाली, "तूं जाऊन ये, माझा नमस्कार सांग." मी गेलों, नमस्कार सांगितला, आणि धांवत खालीं आलों.

वाटेंत मीं तिला किती वेळां विचारलें, तें आठवून आतां लाज वाटते. "आई, थांबायचें का?" "नको रे, मी ठीक आहें." "आई, पाणी घे ना." "घेतें मागाहून." मीं विचारलें, तिनें नको म्हटलें, आणि माझें कर्तव्य संपलें. घरीं परतल्यावर तिसऱ्या दिवशीं सकाळीं ती स्वयंपाकघरांत भोंवळ येऊन खालीं बसली. पायांना सूज होती, जीभ कोरडी होती. डॉक्टरांनीं नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आणि विचारलें, "दोन दिवस पाणी घेतलें नाहीं का?" पिशवी उघडून पाहिली तों मीं निघतांना भरून दिलेल्या दोन्ही बाटल्या जवळजवळ तशाच होत्या. रुमालाच्या गांठींत रक्तदाबाच्या दोन गोळ्या निघाल्या. ज्या घेतल्यावर वारंवार लघवीस जावें लागतें, त्याच त्या गोळ्या. मी रागावलों. तेव्हां ती अपराध्यासारखी म्हणाली, "चाळीस माणसांची गाडी माझ्यापायीं कितीदां थांबवायची, बाळा?"

आई दोनचार दिवसांत बरी झाली, म्हणून ही हकीकत लिहितां येते. म्हातारपणीं तहानेची जाणीव आपोआपच मंद होते. त्यांत पाणी मुद्दाम तोडलें आणि ठरलेलें औषधही टाळलें तर भोंवळ, पडणें, मूत्रमार्गाचा विकार, प्रसंगीं बुद्धिभ्रम, हें सारें ओघानेंच येतें. आणि हें माझ्या एकट्या आईचें वेड म्हणावें, तर तेंही नाहीं. उद्यानांतल्या बांकांवर बसणाऱ्या चारदोन वृद्ध बायांपाशीं मीं हा विषय काढला. "प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद," असें एकीनें मला इतक्या सहजपणें सांगितलें कीं, जणूं ती प्रवासाची सर्वमान्य रीतच होती. वाचकांनीं आपापल्या घरांत हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर ऐकून बहुतेकांस आपल्या सहलींचीं छायाचित्रें निराळीं दिसूं लागतील.

आतां त्या नम्र गृहस्थांच्या वाक्याकडे वळूं. 'सांगा, म्हणजे थांबवूं.' ह्यांत वाईट काय, असें कोणीही विचारील. वाईट हें कीं, थांबण्याचा सारा भार त्या वाक्यानें थांबण्याची गरज असणाऱ्यावर टाकला. पंचविशींतल्या मुलानें उठून गाडी थांबवावयास सांगणें निराळें, आणि जिच्या पिढींतल्या बायकांनीं ह्या गरजेचा उच्चार पुरुषांदेखत जन्मांत केला नाहीं, तिनें चाळीस परक्यांच्या समोर तो करणें निराळें. गाडी थांबली कीं कोणासाठीं थांबली हें सर्वांना कळतें, आणि ती एकटी उतरते व एकटी चढते तोंवर सर्वजण खिडकींतून पाहात असतात. एकदां हें सोसतां येईल. तीनदां कोण सोसेल? त्यापेक्षां घसा कोरडा ठेवणें तिला सोपें वाटतें. जिनें आपल्या वाट्याची भाकर निमूटपणें मुलांच्या पानांत टाकली, तिला आपल्या वाट्याचा थांबा चाळीस माणसांपाशीं मागावयास सांगणें हा सौजन्याचा वेष घेतलेला अन्यायच होय. मी जें 'थांबायचें का?' म्हणून पुनःपुन्हां विचारीत होतों, तेंही त्याच जातीचें. माझ्या प्रश्नाला एकच उत्तर येणार हें मला मनांतून ठाऊक होतें, आणि तेंच मला हवें होतें.

ह्यावर तीन आक्षेप येतात. पहिला, इतका त्रास होत असेल तर वृद्धांनीं घरींच बसावें. हा आक्षेप घेणाराला मी एवढेंच विचारतों कीं, डोळ्यांना दिसतें, कानांना ऐकूं येतें, मनाला हौस आहे, अशा माणसास केवळ त्याला दोन तासांनीं उतरावें लागतें म्हणून घरांत कोंडून ठेवावयाचें, हा कोणता न्याय? लहान मूल बरोबर असलें तर आपण त्याच्या वेळा संभाळतोंच. मूल आहे म्हणून त्यानें घरीं राहावें, असें कोणी म्हणत नाहीं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. गाडी चाळीस माणसांची असते; एका माणसासाठीं इतरांचा वेळ कां मोडावा? मी हिशेब मांडून दाखवितों. चौदा तासांच्या दिवसांत दर दोन तासांनीं पंधरा मिनिटें थांबावयाचें म्हटलें तर सात थांबे होतात. त्यांपैकीं दोन जेवणाखाणाच्या निमित्तानें होतातच. उरले पांच, म्हणजे सव्वा तास. सव्वा तासाच्या लोभानें आपण म्हाताऱ्या माणसांना दोन दिवस तहानेलें ठेवतों. आणि तो सव्वा तास केवळ वृद्धांच्या उपयोगी पडतो असेंही नाहीं. गरोदर स्त्री, मधुमेही गृहस्थ, लहान मुलें आणि खुद्द चालक, ह्या सर्वांना तो हवा असतो. फक्त मागावयाचें धैर्य कोणास होत नाहीं.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा, आणि तो मला सर्वांत आदरणीय वाटतो. आठांचे आठ गणपती झाले पाहिजेत, नाहीं तर यात्रा अपुरी राहते, असें वृद्धच म्हणतात. मग स्थळें कमी कशीं करावींत? त्यावर माझें उत्तर असें. परंपरेनें ह्या यात्रेचा आरंभ मोरगांवीं आणि समाप्तीही मोरगांवींच करावयाची असते. मुंबईकडून निघणाऱ्या किती गाड्या हा क्रम पाळतात? रस्त्याच्या आणि डिझेलच्या सोयीसाठीं त्या खुशाल महडपासून आरंभ करतात, आणि कोणी भाविक त्याविरुद्ध ब्र काढीत नाहीं. डिझेलसाठीं जो क्रम मोडतां येतो, तो आईच्या गुडघ्यांसाठीं कां मोडतां येऊं नये? दोन ह्या वर्षीं, तीन पुढल्या वर्षीं, असें केलें तर कोणता विनायक रागावणार आहे? आमच्याकडून तर महड आणि पाली हीं दोन्ही एका दिवसांत, उजेडीं जाऊन उजेडीं परत येण्यासारखीं आहेत. आणि वीस मिनिटांत देवाची पाठमोरी आठवण घेऊन पळणें ह्याला पूर्ण यात्रा म्हणावयाचें असेल, तर अपुरी यात्रा कशाला म्हणावें तें तरी सांगा.

खरें पाहतां हा धडा आपणांस परदेशांतून आणावयाचा नाहीं. आळंदीहून पंढरपुराकडे जाणारी माउलींची पालखी सुमारें अडीचशें किलोमीटरांची वाट अडीच आठवड्यांहून अधिक काळांत चालते. हैबतबाबा आरफळकरांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ह्या सोहळ्याला जी शिस्त घालून दिली, तींत रोजची न्याहारी, दुपारचें जेवण, मधले विसावे आणि रात्रीचा तळ हीं सर्व ठिकाणें ठरलेलीं आहेत. पुण्यास आणि सासवडास तर पालखी दोन दोन रात्री राहते. सत्तरीचे वारकरी ही वाट पायीं चालून जातात, ह्याचें आपण कौतुक करतों आणि तें सारें श्रद्धेच्या खातीं जमा करतों. श्रद्धा आहेच, पण वारींत विसावा कोणाला मागावा लागत नाहीं, ही गोष्टही तितकीच मोठी आहे. पालखी थांबते, म्हणून सगळे थांबतात. म्हातारा आणि तरुण एकाच झाडाखालीं बसतात, आणि कोण कोणासाठीं थांबलें हा प्रश्नच उद्भवत नाहीं. ज्या समाजाला हें दोनशें वर्षांपासून माहीत आहे, त्याच्या आरामगाड्यांना तें माहीत नसावें, हें नवल होय.

आणखी एक उदाहरण आमच्या शेजारचें आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमींत उत्तरेकडे गेले होते. त्यांच्या प्रवासाचें पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनीं प्रसिद्ध केलें, आणि तें मराठी घरांत आजही वाचलें जातें. झांशीचा वेढा, लूट, उपासमार हें सर्व भोगून हा गृहस्थ घरीं परतला, तो खांद्यावर गंगेची कावड घेऊन. आणि तिच्या जलानें त्यानें आपल्या आईवडिलांना स्नान घातलें. त्या काळीं म्हाताऱ्यांना काशीस नेणें अशक्य, म्हणून काशीच घरीं आणली, एवढाच त्याचा अर्थ. पण त्यांत कष्ट कोणीं घेतले आणि सुख कोणाला मिळालें, हें पाहावें. आजच्या सहलींत कष्ट आई घेते आणि आईस यात्रा घडविल्याचें समाधान मुलगा घेतो. पुंडलिकानें तर आईबापांची सेवा पुरी होईपर्यंत साक्षात् देवाला विटेवर थांबविलें, असें आपण अभिमानानें सांगतों. त्याच पुंडलिकाचे आपण वारस देवाच्या नांवानें आईस घाईला लावतों आणि तिच्यासाठीं गाडी थांबवावयास कचरतों!

सरकारानें आपल्या परीनें कांहीं केलें आहे, हें मान्य केलें पाहिजे. ६५ वर्षांवरील प्रवाशांस एस. टी. चें अर्धें भाडें पडतें, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षें पूर्ण झालेल्यांस तिचा प्रवास विनामूल्य झाला. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार मुलांवर बंधनकारक करतो. पैशाची अडचण अशी कांहीं अंशीं दूर झाली. पण भाडें माफ झाल्यानें गाडीची पायरी खालीं येत नाहीं, आणि कायद्याच्या कोणत्याही कलमानें आईस मोकळेपणानें पाणी पितां येत नाहीं. तें काम आपलें आहे.

म्हणून सहली काढणाऱ्यांपाशीं माझी मागणी अगदीं साधी आहे. कार्यक्रमपत्रिकेंत स्थळांच्या वेळा छापतां, तशाच थांब्यांच्याही छापा. दर दोन तासांनीं, स्वच्छ शौचालय असेल अशा ठिकाणीं, कोणी मागो वा न मागो, गाडी थांबलीच पाहिजे, आणि सर्व उतारूंना तें आधीं ठाऊक असलें पाहिजे. वृद्धांना पुढल्या जागा द्या, मुक्कामाची खोली तळमजल्यावर द्या, चढण्या-उतरण्यासाठीं एक लांकडी चौरंग गाडींत ठेवा. दिवसाला तीनांहून अधिक स्थळें करूं नका. ह्यानें भाडें थोडें वाढेल. तें देण्यास आम्ही तयार असलें पाहिजे. फलकावर स्थळांचा आंकडा जितका मोठा तितकी सहल चांगली, ही समजूत गाडीवाल्यांनीं निर्माण केली असेल, पण पैसे मोजून तिला जिवंत आपणच ठेवलें आहे.

आणि मुलांना सांगणें असें कीं, 'थांबायचें का?' हा प्रश्न टाकून द्या. स्वतः उठा आणि म्हणा, 'मला उतरायचें आहे, गाडी थांबवा.' आईची लाज आपल्या अंगावर घ्या. तिनें जन्मभर आपली घेतली आहे. थांबल्यावर तिला म्हणा, 'चल, पाय मोकळे करूं.' बाकीचें ती आपण होऊन समजेल. आणि नेण्याआधीं, किती ठिकाणें पाहावयाचीं ह्याऐवजीं, कोठें बसावयाचें आहे तें तिला विचारा.

गेल्या माघांत मीं आईला एकट्या महडास नेलें. पहाटेची घाई नव्हती. वाटेंत दोनदां उतरलों, दोन्ही वेळां माझ्या चहाच्या निमित्तानें. देवळामागच्या तळ्याच्या कांठीं ती दीड तास बसली. १६९० साली ह्याच तळ्यांत मूर्ति सांपडली असें सांगतात. तें मीं तिला सांगूं लागलों, तर तें तिला माझ्याहून अधिक माहीत होतें. मग तिनें आपल्या आजीच्या अष्टविनायकांची गोष्ट सांगितली: बैलगाडीनें, पंधरा दिवस, आणि रोज कोणाच्या ना कोणाच्या ओसरीवर मुक्काम. ती गोष्ट मीं आयुष्यांत प्रथमच ऐकली. चाळीस माणसांच्या गाडींत ती सांगावयास तिला वेळ कोठें होता?

परत आल्यावर मीं सर्वांत आधीं तिची पिशवी उघडून पाहिली. बाटली रिकामी होती. सहल कशी झाली हें ठरवावयास आतां मला दुसरी कसोटी लागत नाहीं. किती देव झाले तें कोणीही सांगेल. बाटली भरलेली परत आली कीं रिकामी, एवढें प्रत्येक मुलानें स्वतः पाहावें.